रिटायर होताना कंपनीचा लॅपटॉप विकत घेतला, फॉरमॅट मारण्याआधी काय सोडवून घ्यावं लागतं?

पाथर्डीफाटा_काका

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला होतो, मार्चअखेर रिटायर झालो. कंपनीने जुने लॅपटॉप स्टाफला पुस्तकी किमतीला काढले, त्यात मी वापरत होतो तोच मला मिळाला. डेल लॅटिट्यूड ५४००, आय-५ आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. पैसे शेवटच्या हिशेबातून कापून घेतले, सेटलमेंटच्या कागदावर तशी ओळ आहे. धाकटी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, तिला ऑटोकॅडसाठी, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी, द्यायचा आहे.

आता गंमत बघा. वस्तू माझी, हुकूम अजून कंपनीचा. वॉलपेपर बदलता येत नाही. पेनड्राइव्ह लावला तर उघडतच नाही. काही इन्स्टॉल करायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतो. सेटिंगमध्ये शिरलं की वरच लिहिलेलं, की काही गोष्टी तुमची संस्था सांभाळते. पोरगी म्हणाली एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा, तर तिथेही पासवर्ड.

एमजी रोडला एका दुकानात दाखवला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, अर्ध्या तासात क्लीन करून देतो. सातशे, बायोसचे वेगळे." लॅपटॉप कुणाचा हे विचारलं नाही, कागद मागितला नाही. खाली कंपनीचं ॲसेट स्टिकर तसंच होतं, ते मात्र नखाने आधी खरवडायला घेतलं. मी म्हटलं राहू दे बाबा, आणि उचलून घरी आलो.

तर प्रश्न असे. फॉरमॅट मारला की हे सगळं जातं का? बायोसच्या पासवर्डचं काय? विंडोज ओरिजिनल राहील का? स्टोअरचा माणूस आहे, जीआरएन आणि बिन कार्ड विचारा, हे नका विचारू. जरा सोपं करून सांगा.


तर्री_वेगळी_द्या

काका, एवढा विचार कशाला. घरच्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ घ्या, एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून चालू करा, सगळी पार्टिशनं (एसएसडीचे कप्पे) उडवा, नेक्स्ट नेक्स्ट नेक्स्ट. चहा होईस्तोवर काम. कंपनीची पॉलिसी बिलिसी सगळी विंडोजमध्ये असते, विंडोज गेली की ती पण गेली. विषय कट.


गेटपास

वरच्या भाऊंचं चुकीचं नाही, पण ते घरच्या लॅपटॉपला लागू. कंपनीच्या लॅपटॉपला कुलूप एकाच जागी नसतं, आणि विंडोजमधलं कुलूप त्यातलं सगळ्यात किरकोळ.

मी सातपूरला एका कारखान्यात आयटी बघायचो. जुने लॅपटॉप स्टाफला देणे, भंगारात काढणे, हे सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. काका, तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगतो. तुमचा माल गेटबाहेर पडलाय, पण आरजीपीवर, म्हणजे परत यायच्या मालाच्या गेटपासवर. एनआरजीपी, म्हणजे परत न यायचा पास, फाडल्याशिवाय तो कंपनीच्या रजिस्टरला 'बाहेर दिलेला, परत यायचा' असाच दिसणार. तुम्हाला करायचंय ते एवढंच, रजिस्टरमधून नाव काढून घ्यायचं. आणि ते पेन कंपनीच्या हातात आहे, एमजी रोडच्या पोराच्या नाही.

विंडोजच्या आतलं म्हणजे वॉलपेपर, पेनड्राइव्ह, ॲडमिन वगैरे. हे फॉरमॅटने जातं, वादच नाही. आपला लॅपटॉप कुठल्या प्रकारात आहे ते घरी बसून बघता येतं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिथे डी-एस-आर-ई-जी-सी-एम-डी ही अक्षरं सलग, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि लगेच स्टेटस, इंग्रजीत. एंटर. 'अझुअर एडी जॉइन्ड' आणि 'डोमेन जॉइन्ड' अशा ओळी दिसतील, समोर यस किंवा नो. नुसतं डोमेनला यस असेल तर जुन्या पद्धतीचं आहे, कंपनीतल्या सर्व्हरला बांधलेलं. तो दोर बहुतेक फॉरमॅटने तुटतो. अझुअरला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला, यस असेल तर खाली 'टेनंट नेम' समोर कंपनीचं नाव दिसेल, आणि मग पुढचं नीट वाचा.

कारण अशा कंपन्या बहुधा ऑटोपायलट वापरतात. तुमच्या मदरबोर्डाची एक ओळख असते, हार्डवेअर हॅश म्हणतात. ती कंपनीने, किंवा लॅपटॉप विकतानाच डीलरने, मायक्रोसॉफ्टकडे कंपनीच्या नावावर नोंदवलेली असते. नवी कोरी विंडोज पहिल्यांदा वायफायला लागली की मायक्रोसॉफ्टला विचारते, हा बोर्ड कुणाचा? उत्तर येतं अमुक कंपनीचा. लगेच पडद्यावर कंपनीचं नाव आणि 'ऑफिसचा मेल टाका'. तुमचा मेल रिटायरमेंटच्या दिवशीच बंद झालाय. बसा मग बघत. एसएसडी बदला, दहादा फॉरमॅट मारा, फरक शून्य, कारण ती नोंद लॅपटॉपमध्ये नाहीच.

काढायची कशी हे तुमच्या आयटीवाल्याला माहीत असतं, पण घाईत अर्धवट करतात, म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो. इंट्यूनमधून (कंपनीचे लॅपटॉप सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सोय) डिव्हाइस डिलीट, त्यानंतर ऑटोपायलटच्या यादीतून तोच सिरियल नंबर डिलीट, आणि मग एंट्रामधली (अझुअर एडीचं नवं नाव) नोंद. बरेच जण पहिलं करून "झालं काका" म्हणतात. त्याने 'वाइप' किंवा 'रिटायर' बटण दाबलं तरी ऑटोपायलटची नोंद जागेवरच राहते. तेव्हा "यादीतून सिरियल नंबर गेला का, दाखव" असं तोंडावर विचारा. दाखवायला वीस सेकंद लागतात.

बायोसचा पासवर्ड हा अगदी वेगळा प्रकार. तो बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, विंडोजला त्याचा पत्ताही नसतो. आणि ज्या आयटीने तो लावलाय त्याने बहुतेक पेनड्राइव्हवरून चालू करणंही बंद ठेवलं असेल, म्हणजे तर्रीभाऊंची एफ१२ ची युक्ती पहिल्या पायरीलाच अडकेल. जुन्या डेस्कटॉपला बोर्डावरचा सेल काढला की पासवर्ड उडायचा, ते डोक्यातून काढा, ऑफिसच्या लॅपटॉपला तसं होत नाही. थिंकपॅडच्या सुपरवायझर पासवर्डला तर लेनोवो स्वतः सांगते की विसरलात तर बोर्ड बदला, तोही खरेदीचा कागद दाखवून. दुकानदार चिप काढून प्रोग्रॅम करतात, कधी जमतं, कधी बोर्ड मरतो. तुमच्याकडे ज्याने पासवर्ड लावला तो माणूस अंबडला बसलाय. हे सगळं कशाला?

तो फोनवर सांगणार नाही. सगळ्या लॅपटॉपला एकच पासवर्ड असतो हे उघड गुपित आहे. लॅपटॉप घेऊन जा, तो स्वतः टाकेल आणि काढून देईल. तिथेच बायोसमध्ये ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची ओळ आहे का तेही बघायला सांगा. हा चोरी शोधायचा प्रकार आहे, बोर्डात असतो, चालू असेल तर फॉरमॅटनंतर विंडोजमध्ये परत स्वतःला बसवून घेतो. चालू असेल तर कंपनीने तिच्या ॲब्सोल्यूटच्या खात्यातून तो काढायला हवा, बायोसमध्ये बटणं दाबून भागत नाही. साध्या कंपन्या हा घेत नाहीत, पण बघायला काय जातं.

जाण्याआधी दोन कामं. एक, तुमचा खाजगी माल काढून घ्या: फोटो, रिटर्नच्या पीडीएफ, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. पेनड्राइव्ह बंद आहे तर आयटीवाल्याच्या समोर बसून त्यालाच काढून द्यायला सांगा, कंपनीच्या फाइली सोडून. दोन, पीएफ, बँक, आयकर, कुठेही ऑफिसचा मेल दिला असेल तर बदला. याचा लॅपटॉपशी संबंध नाही, पण रिटायर झालेले लोक इथेच अडकतात म्हणून सांगतो.

बायोसला हात लागला की पुढच्या वेळी चालू करताना निळ्या पडद्यावर बिटलॉकर (विंडोजचं एसएसडीचं कुलूप) ४८ आकडी किल्ली मागू शकतो. घाबरू नका. सगळं पुसायचंच आहे तर ती किल्ली लागत नाही. डेटा काढायचा राहिला असेल तरच लागते, म्हणून डेटा आधी.

आणि एक मेल हवा, कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून. त्यात मॉडेल, खालच्या स्टिकरवरचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग, अमुक तारखेला कर्मचाऱ्याला विकला, बायोस पासवर्ड काढला, डिव्हाइस मॅनेजमेंटमधून नाव काढलं, एवढं असलं की बास. सेटलमेंटच्या कागदावर सर्व्हिस टॅग नसणार, पैज लावतो.

विंडोजचं: खाली विंडोज प्रो लिहिलेलं असेल तर किल्ली बोर्डातच आहे, नवी प्रो टाकली की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते. कंपनीने वर एंटरप्राइज (मोठ्या कंपन्यांची विंडोज) चढवलेली असेल तर ती कंपनीची, ती जाणार. एमएस ऑफिसही जाणार, एक्सेल उद्यापासून चालेल असं धरू नका. आठवी पिढी आहे म्हणून विंडोज ११ ला चालते, हे नशीब. सहावी-सातवी असती तर विंडोज १० वरच राहावं लागलं असतं, आणि तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.


द्वारका_ते_मुंबईनाका

गेटपास दादा, मध्येच घुसतो, माफ करा. माझी केस उलटी आहे. एका डीलरकडून थिंकपॅड टी४८० घेतला, कॉर्पोरेट लॉटमधला, बावीस हजार. चालत होता मस्त. गेल्या आठवड्यात स्लो झाला म्हणून रिसेट केला, तर वायफाय जोडल्याबरोबर बंगळुरूच्या एका कंपनीचं नाव आलं. मी त्या गावाला पण गेलेलो नाही. मित्र म्हणतो नेट न जोडता विंडोज टाक, नाव येणार नाही. टाकू का?


गेटपास

डीलरनेही तेच केलं होतं. म्हणून तर तुम्हाला "चालत होता मस्त". नेट न जोडता सेटअप उरकला की विंडोज कुणाला विचारतच नाही, त्यामुळे नाव येत नाही. नोंद तिकडे तशीच. पुढच्या रिसेटला परत बंगळुरू. आणि तुम्ही हा पुढे विकायला गेलात तर तुमच्या गिऱ्हाइकाला बंगळुरू, मग तो तुमच्या दारात.

बिल आहे का ते सांगा. पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर. असेल तर आधी डीलरकडे जा आणि बदलून मागा, सरळ. असे लॉट बहुतेक वेळा चोरीचे नसतात. कंपनी लीज संपल्यावर किंवा ई-वेस्टवाल्याला एकगठ्ठा देते, आणि आयटी डिपार्टमेंट यादीतून नावं काढायचा कंटाळा करतं. डीलर त्याच्या वरच्या पार्टीला फोन करून सोडवून आणू शकतो, त्याने दहा लॅपटॉप घेतले असतील तर दहाही सुटतील. डीलर ढिम्म राहिला तर बिलाच्या फोटोसकट त्या कंपनीच्या आयटीला मेल टाका, सिरियल नंबर लिहून. काही कंपन्या खरंच काढून देतात. त्यांनी उलट कळवलं की हा आमचा हरवलेला आहे, तर मात्र खोटं बोलू नका, बिल दाखवा आणि डीलरला पुढे करा. बिलच नसेल तर तुमची बाजू लंगडी आहे, एवढंच म्हणतो.

जुना घेताना दुकानातच करायचं काम सांगून ठेवतो, इतरांनाही उपयोगी पडेल. डीलरला म्हणायचं, रिसेट मारून दे, माझ्यासमोर. मग स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडायचा, दुकानाचं वायफाय नाही. देश, कीबोर्ड, नेट, आणि त्यानंतरचा पडदा. तिथे 'घरगुती की ऑफिस' असा प्रश्न आला किंवा नुसता मायक्रोसॉफ्टचा मेल मागितला तर माल मोकळा. कुणा कंपनीचं नाव आलं तर लॅपटॉप खाली ठेवायचा आणि चहा प्यायला जायचं. मग एफ१ किंवा एफ२ दाबून बायोस उघडतंय का, पासवर्ड मागतंय का. जो डीलर "नेट नका जोडू, हळू होतं" म्हणतो, त्याच्याकडचा दुसरा लॅपटॉपही बघू नका.


कॉलेजरोड_मनीषा

मॅकवाल्यांसाठी भर घालते. माझा मॅकबुक आधीच्या पुण्याच्या कंपनीने नोकरी सोडताना विकत दिला. सगळं पुसलं, वायफाय दिलं, की 'रिमोट मॅनेजमेंट' म्हणून पडदा आणि कंपनीचं नाव. हेच दुखणं, फक्त नोंद ॲपलच्या बिझनेस मॅनेजरमध्ये असते. एचआरला मेल टाकला, त्यांनी तिथून सिरियल नंबर सोडला, परत पुसला, पडदा गेला. पुसण्याआधी स्वतःचं ॲपलचं खातं साइन आउट करायला विसरू नका, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक लागतं आणि ते कंपनीचं नाही, आपलंच असतं. आणि काका, नोकरीतली ओळख ताजी आहे तोवर जा. आमच्याकडे आयटीतली माणसं दर वर्षी बदलतात, नंतर फोन कुणी उचलत नाही.


पाथर्डीफाटा_काका

मंडळी, जाऊन आलो.

इतकी वर्षं ज्या गेटातून कार्ड दाखवून आत गेलो तिथे व्हिजिटर म्हणून रजिस्टरला नाव लिहावं लागलं, 'कोणाला भेटायचे' समोर आयटी. सिक्युरिटीवाल्याने लॅपटॉपचा सर्व्हिस टॅग लिहून घेतला आणि विचारलं, "काका, हा आत नेताय, बाहेर नेताना चलन कुठाय?" रास्त प्रश्न. मीच त्याला तसं विचारायला शिकवलेलं.

आयटीचा मुलगा चांगला निघाला. आधी त्या काळ्या खिडकीत अक्षरं टाकली, अझुअरला यस. मग त्याच्या पडद्यावर डिलीट केलं आणि म्हणाला "झालं काका". मी म्हटलं, ऑटोपायलटच्या यादीत सिरियल नंबर दाखव. तो माझ्याकडे बघतच राहिला. यादी उघडली, शोधला, होता! तोही काढला. म्हणाला, कुणी सांगितलं तुम्हाला हे? मी म्हटलं, आहेत आमची माणसं.

बायोसचा पासवर्ड टाकताना डाव्या हाताने कीबोर्ड झाकून घेतला. मी खिडकीकडे बघितलं. पासवर्ड काढला, पेनड्राइव्हचं बूट चालू करून दिलं. ॲब्सोल्यूटची ओळ होती पण कधी चालू केलेली नव्हती. फोटो आणि रिटर्नच्या फाइली त्याने आधीच काढून दिल्या, त्यात एक एक्सेल स्टोअरचं होतं, ते त्याने बाजूला केलं. बरोबरच आहे. मेल एचआरकडून दुसऱ्या दिवशी आला. गेटपास यांनी पैज जिंकली, सेटलमेंटच्या कागदावर नुसतं 'लॅपटॉप १ नग' होतं.

घरी पोरीने पेनड्राइव्ह करून विंडोज ११ प्रो टाकली. वायफाय जोडलं तेव्हा दोघंही पडद्याकडे डोळे लावून बसलो होतो. कंपनीचं नाव आलं नाही, घरगुती की ऑफिस असं विचारलं, तिने घरगुती निवडलं. ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. साउंड सुरुवातीला येत नव्हता, अपडेट झाल्यावर आला.

आता एक शेवटचं. ऑटोकॅड टाकायचं तर ८ जीबी पुरेल का? आणि ऑटोकॅडचं लायसन्स विकत घ्यावं लागेल का? ऐकून ऐकून पोटात गोळा आलाय.


गेटपास

वा काका! "यादी दाखव" म्हणालात हे वाचून बरं वाटलं.

लायसन्सचे पैसे नाहीत. ऑटोकॅडची कंपनी ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत देते, कॉलेजचा पुरावा लागतो, वर्षाचं असतं, दर वर्षी नवं करून घ्यायचं. पोरीच्या नावाने खातं काढा, तुमच्या नाही.

८ जीबीवर उघडेल, टू-डी चालेल, थ्री-डीला रडेल. ५४०० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, दुसरा रिकामा असेल तर ८ ची अजून एक पट्टी टाका. डीडीआर४, लॅपटॉपची छोटी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलात की किती स्लॉट भरलेत ते दिसतं, दुकानात जायच्या आधी ते बघून जा.


तर्री_वेगळी_द्या

काका, पट्टी मी बसवून देतो, सिडकोत आहे. खालचे स्क्रू सैल करायचे आणि झाकण कडेने हळूच उचलायचं, एवढंच. मजुरी नको. मिसळ मात्र तुमच्याकडून.


पाथर्डीफाटा_काका

टास्क मॅनेजर बघितला, दोनपैकी एकच स्लॉट भरलाय. रविवारी सकाळी या, पोरगी पण असेल, तिला बघायचंय झाकण कसं उघडतात ते.